लेक्सस एलसी ५०० : पहिले बाराशे मैल

गोटीसोडा
रवि, १३ ऑगस्ट २०१७

मंडळी, गाडी घेतली. कुठली ते वर लिहिलंय, का घेतली ते सांगायला हा धागा.

मी मूळचा सांगलीचा. एकोणीस वर्षं कॅलिफोर्नियात, सध्या मुक्काम फ्रीमाँट. एवढ्या वर्षांत दारात तीन गाड्या आल्या : एक कोरोला, एक कॅमरी, एक सिएना. तिन्ही टोयोटा. ऑइल बदलायचं, टायर बदलायचे आणि विसरून जायचं. गाडीच्या बाबतीत माझं चारित्र्य निष्कलंक होतं.

घोटाळा झाला २०१२ साली. डेट्रॉइटच्या प्रदर्शनात टोयोटाच्याच लेक्ससने एलएफ-एलसी नावाची एक संकल्पना-गाडी ठेवली होती. तिचा फोटो मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लावला. असल्या गाड्या प्रत्यक्षात येत नाहीत; आल्याच तर नाक बोथट, चाकं बारकी आणि छप्पर वीतभर उंच होऊन येतात. पण चार वर्षांनी त्याच प्रदर्शनात एलसी ५०० उभी राहिली, आणि ती जवळजवळ तशीच होती. यंदा मे महिन्यात इथे विक्री सुरू झाली. जूनमध्ये बायकोला "नुसती बघून येऊ" म्हणालो. त्यावर तिने जे बघितलं ते गाडीकडे नव्हे.

टेस्ट ड्राइव्ह अर्ध्या तासाची. सेल्समन तरुण होता आणि शहाणाही, पहिली पाच मिनिटं काहीच बोलला नाही. बटण दाबलं आणि इंजिन जे खाकरलं, की शेजारी कॅमरी घ्यायला आलेले एक आजोबा दचकून मागे सरले. पाच लिटरचं व्ही-८, टर्बो नाही, ४७१ अश्वशक्ती, आणि ती सगळी मिळते इंजिनच्या मिनिटाला ७१०० फेऱ्यांवर. म्हणजे खालच्या फेऱ्यांत ही गाडी मवाळ आहे. शहरात कॅमरीसारखी चालते. खरी गंमत चार हजारांच्या पुढे. आवाज आधी घशातून येतो, मग छातीतून, आणि सहा हजारांच्या वर तो नुसता आवाज राहत नाही, तुम्ही एकदम खिडकी खाली करता.

आता वेगाचं. कंपनी शून्य ते साठ मैल ४.४ सेकंद सांगते. याच पैशांत याहून पळणाऱ्या गाड्या ढिगाने मिळतात. वजन १९४० किलोच्या आसपास, त्यामुळे घाटात पहिल्या दोन वळणांवर ते जाणवतं. तिसऱ्या वळणापासून मात्र तुम्ही तिच्या तालात येता. ती घाई करणारी गाडी नाहीच. स्कायलाइनवर, म्हणजे आमच्या इथल्या हायवे ३५ वर, ऍलिसेस हॉटेलपासून सॅराटोगा गॅप या खिंडीपर्यंत मी पहाटे दोनदा नेली. गिअर हाताने बदलले, स्टिअरिंगमागच्या मॅग्नेशियमच्या पट्ट्यांनी. गिअर दहा आहेत. ऑटोमॅटिकवर सोडली तर ती पेट्रोल वाचवायच्या नादात चाळिशीच्या वेगालाच भराभर वरच्या गिअरात जाऊन बसते, एखाद्या काटकसरी मावशीसारखी. हाताने चालवा, मग मावशी पदर खोचते.

आतलं काम बघत बसावं असं. दारांच्या आतल्या बाजूला अल्कांटाराच्या, म्हणजे मखमली स्वेडसारख्या कापडाच्या चुण्या आहेत, पैठणीच्या निऱ्या धराव्यात तशा. बायकोचं मत बदललं ते तिथे. मीटरभोवतीची कडी बटण दाबलं की सरकते. ही युक्ती एलएफए या त्यांच्या जुन्या व्ही-१० गाडीतली. एलएफए जिथे बनली त्या मोतोमाचीच्या कारखान्यातच हीसुद्धा बनते.

वाईट गोष्टी : मागच्या सीटवर फक्त दप्तर बसतं. डिकी ५.४ घनफूट, म्हणजे कॉस्टकोच्या घाऊक दुकानाची एक चक्कर दोन हप्त्यांत करायची. आणि पडद्यावरचं सगळं एका टचपॅडवरून चालवायचं, ज्यावर बोट ठेवलं की कर्सर टिपेला गेलेल्या डासासारखा भिरभिरतो. याबद्दल जवळजवळ प्रत्येक परीक्षकाने बोटं मोडली आहेत, मी वेगळं काय लिहू.

किंमत ९२ हजार डॉलरांपासून, वर अल्मेडा काउंटीचा सव्वानऊ टक्के कर. बाकी विचारू नका.

उसाचारस
रवि, १३ ऑगस्ट २०१७

अभिनंदन ओ पाहुणे. पण साठ लाखांची गाडी आणि मागं माणूस बसत न्हाई, डिकीत पोतं मावत न्हाई. आमच्याकडं याला गाडी म्हणत न्हाईत, पाटलाचा घोडा म्हणतात. दारात बांधायचा आणि गावानं बघायचा.

गोटीसोडा
रवि, १३ ऑगस्ट २०१७

@उसाचारस, घोडा चारा मागतो, ही ९१ ऑक्टेनचं महागडं पेट्रोल मागते. बाकी तुलना मान्य.

नागपुरी तडका
सोम, १४ ऑगस्ट २०१७

गोटीभाऊ, गाडी दिसायला जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. पण मी इकडे न्यू जर्सीत दोन्ही चालवून राहिलो, एका शनिवारी ही आणि पुढच्या शनिवारी पोर्श ९११ कॅरेरा. किमती जवळजवळ सारख्या. कॅरेराचे घोडे ३७०, म्हणजे तुमच्यापेक्षा शंभर कमी, पण वजन जवळपास पाचशे किलो कमी. पहिल्याच वळणात फरक कळते. पोर्शचं स्टिअरिंग रस्त्यावरचा खडा न् खडा सांगते. एलसीचं स्टिअरिंग विचारलं तेवढंच सांगते, तेही अदबीनं. मला गाडीशी भांडायला आवडते, म्हणून मी ९११ कडे झुकलो.

एक कबूल करतो बे. ९११ वरून घरी आलो तेव्हा मी लॅप टाइम शोधत बसलो. एलसीवरून आलो तेव्हा बायकोला म्हटलं, चल, आइस्क्रीम खायला जाऊ. काय समजायचं ते समजा.

निवडुंग
सोम, १४ ऑगस्ट २०१७

ती जाळी कुणालाच खटकली नाही? समोरून बघितलं की वाटतं गाडी किंचाळते आहे. मागून मात्र सुंदर.

गोटीसोडा
सोम, १४ ऑगस्ट २०१७

@निवडुंग, जाळी मलाही त्यांच्या आरएक्स एसयूव्हीवर आणि सेडानवर नकोशी वाटते. इथे गाडी इतकी रुंद आणि बसकी आहे की ती खपून जाते.

@नागपुरी तडका, तुमचं निदान अचूक. मी ९११ चालवलीच नाही, भीती वाटली की आवडेल. कॅरेराला आता टर्बो आलाय, हे मी मनाला कारण दिलं. खरं कारण वेगळं आहे. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा गरज नसताना काहीतरी घेत होतो, आणि माझ्यातल्या मध्यमवर्गीयाला एक जामीनदार हवा होता. टोयोटा तो जामीन राहिला. हेच व्ही-८ लेक्ससच्याच आरसी एफ आणि जीएस एफ मध्येही आहे. पाप करायचं तर ते दहा वर्षं विनातक्रार चालणारं असावं, असा माझा हिशोब.

पिस्टनराव
सोम, १४ ऑगस्ट २०१७

"पापाला टोयोटाचा जामीन" हे फ्रेम करून लावतो. वाचनखूण साठवली.

चिंचवडहून लिहितोय, त्यामुळे गाडी चालवलेली नाही, नुसती वाचलेली आहे. पण कुणी ५००एच, म्हणजे हिचीच व्ही-६ हायब्रिड बहीण, बघितली का? त्यातला गिअरबॉक्स हे खरं प्रकरण आहे. नेहमीच्या टोयोटा हायब्रिडमध्ये इंजिन आणि दोन मोटर एका ग्रहचक्राला (प्लॅनेटरी गिअरला) जोडलेल्या असतात. इंजिनच्या फेऱ्या आणि चाकांचा वेग यांचा थेट संबंध राहत नाही. म्हणून ऍक्सिलरेटर दाबला की इंजिन एकाच सुरात ओरडत बसतं आणि गाडी मागाहून सावकाश येते. मायलेजला उत्तम, मजेला शून्य. एलसीत त्यांनी त्या ग्रहचक्राच्या मागे एक चार गिअरचा साधा ऑटोमॅटिक बसवला. पहिल्या तीन गिअरात प्रत्येकी तीन खोट्या पायऱ्या, वर चौथा, असे मिळून दहा. फायदा असा, की इंजिनची पूर्ण ताकद कमी वेगातच वापरता येते, आणि वर १४० किमीच्या वेगापर्यंत इंजिन बंद ठेवून गाडी पळू शकते असा कंपनीचा दावा आहे. एक गिअरबॉक्स कमी पडला म्हणून त्याच्यामागे दुसरा लावणे, याला मी तरी इंजिनीअरिंगमधला हट्ट म्हणेन.

सांजवेळ
बुध, १६ ऑगस्ट २०१७

पिस्टनराव, माझ्याकडे आहे की ५००एच! सिअॅटलला असते मी. गेल्या महिन्यात घेतली. इथे वर्षातले निम्मे दिवस पाऊस, रस्त्यावर गर्दी, आणि मला ऑफिसला रोज अठरा मैल जायचं. गोटीदादांची गाडी शहरात गॅलनला सोळा मैल देते म्हणे सरकारी आकड्यांत, माझी सव्वीस. मला प्रत्यक्षात अठ्ठावीसपर्यंत मिळालेत.

पण मायलेजसाठी कुणी असली गाडी घेत नाही, खरं सांगते. मला शांतता आवडते. सकाळी सव्वासहाला गाडी गल्लीतून आवाज न करता निघते आणि हायवेला लागताना पाय दाबला की व्ही-६ जागा होतो. तुम्ही म्हणता ते गिअर "खोटे" असतील, पण कानाला आणि पाठीला खरे वाटतात. फक्त एक, हळू रांगणाऱ्या ट्रॅफिकमध्ये कधी कधी दोन गिअरबॉक्सचं आपसात एकमत होत नाही आणि एक बारीकसा हिसका बसतो. सासूबाई एकदा म्हणाल्या, "क्लच नीट सोड गं." त्यांना काय सांगू!

आणि एक. शोरूममध्ये गेले तेव्हा तिथला माणूस पूर्ण वेळ माझ्या नवऱ्याशी बोलत होता. नवऱ्याकडे लायसन्ससुद्धा नाही.

उसाचारस
बुध, १६ ऑगस्ट २०१७

ताई, सासूबाईंना साष्टांग नमस्कार सांगा. धाग्यावरची सगळ्यात जाणकार तीच बाई हाय.

गोटीसोडा
शनि, १८ नोव्हेंबर २०१७

चार हजार मैल झाले म्हणून थोडी भर.

लॉस एंजेलिसला आय-५ ने जाऊन आलो. इथे ही गाडी काय आहे ते कळलं. साडेपाच तास गाडी चालवून उतरलो आणि पाठ जागच्या जागी होती. दहावा गिअर, इंजिन जेमतेम गुणगुणतंय, गॅलनला पंचवीस मैल. आपल्या हिशोबात लिटरला साडेदहा किलोमीटर. पाच लिटरच्या व्ही-८ कडून एवढं मिळालं की माझ्यातला मध्यमवर्गीय पेट्रोल पंपावर कॅल्क्युलेटर काढून हसतो.

नुकसानाची बातमी : एका मॉलच्या उतारावर पुढच्या बंपरचा ओठ घासला. चूक माझी, तिरकी घ्यायला हवी होती. आणि मागच्या टायरमध्ये खिळा गेला. टायर रनफ्लॅट आहेत, म्हणजे हवा गेली तरी घरापर्यंत आणतात. स्टेपनी मिळत नाही. तसा टायर दुकानात शिल्लक नव्हता. तीन दिवस थांबलो आणि सिएनातून ऑफिसला गेलो. सिएनाने एका शब्दाने टोमणा मारला नाही. जुनी माणसं.

फास्टलोकल
रवि, २३ फेब्रुवारी २०२०

धागा वर काढतो.

एलसी ५००एच आपल्याकडे आली, मंडळी. किंमत १.९६ कोटी एक्स-शोरूम. संपूर्ण बनवलेली गाडी जपानहून येते, त्यामुळे आयात शुल्कच मूळ किमतीएवढं. माझी ऐपत दोन कोटींची नाही, ऐंशी रुपयांच्या पेट्रोलची आहे. पण मेहुण्याचा एक मित्र घ्यायच्या विचारात होता, त्याच्यासोबत आज सकाळी सात वाजता टेस्ट ड्राइव्हला गेलो. म्हणजे तो पुढे, मी मागे.

मागे. गोटीसोडाभाऊंनी दप्तराबद्दल लिहिलं होतं ते मी थट्टा समजलो होतो. मी पाच फूट आठ इंच. मान वाकडी, गुडघे हनुवटीला, विरार फास्टला दारातला माणूस माझ्यापेक्षा सुखात असतो. बीकेसीतून निघून सी लिंकवरून वरळीपर्यंत गेलो आणि परत. परत येताना मित्राला दया आली आणि त्याने मला चालवायला दिली.

तर आता पुढच्या सीटवरून. बीकेसीत पहिली दोन मिनिटं इंजिन लागलंच नाही, नुसत्या विजेवर. सिग्नलला एक टॅक्सीवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "बंद पडली काय?" सी लिंकवर टोल भरल्यावर रस्ता मोकळा होता. ऐंशीच्या वर जायचं नाही, तेव्हा जे काही केलं ते ऐंशीच्या आत. पण तेवढ्यातही सुरुवातीचा धक्का मोटर देते आणि पाठोपाठ व्ही-६ हात घालतो, ते सरळ पाठीत जाणवतं. सस्पेन्शनबद्दल मला भीती होती, वीस-एकवीस इंची चाकं आणि आपल्या पुलांवरचे जोड. सी लिंकवरचे सांधे तिने गिळले. बीकेसीतून बाहेर पडताना एक अचानक उगवलेला, रंग न दिलेला गतिरोधक मात्र तिरका, मुंगीच्या पावलाने आणि रामरक्षा म्हणत घेतला. मागून हॉर्न.

खरं सांगू? गाडी अप्रतिम आहे, पण मुंबईत ती चालवताना मी रस्त्याकडे कमी आणि रिक्षांच्या हँडलकडे जास्त बघत होतो. मित्राने शेवटी एसयूव्ही बुक केली.

पिस्टनराव
रवि, २३ फेब्रुवारी २०२०

दोन कोटींत इथे अजून एक अडचण. गाडी पुण्याहून महाबळेश्वरला न्यायची म्हटलं तर पसरणीच्या वळणांवर ती खुलेल, पण तिथपर्यंत जाताना प्रत्येक गावाच्या वेशीला पाच-पाच गतिरोधकांची माळ. सांजवेळताई, तुमची कशी आहे? अजून आहे का?

सांजवेळ
मंगळ, २५ फेब्रुवारी २०२०

आहे की! एकतीस हजार मैल. तो बारीक हिसका अजून आहे, आता तो घरातलाच वाटतो. सासूबाई यंदा पुन्हा येणार आहेत.

गोटीसोडा
रवि, ७ जुलै २०२४

सात वर्षांनी पुन्हा मीच. अठ्ठावन्न हजार मैल.

खर्चाचा हिशोब मागणाऱ्यांसाठी : टायरचे तीन संच, पुढचे ब्रेक एकदा, बॅटरी एकदा, बाकी ऑइल. इंजिनला हात लावावा लागलेला नाही. जामीनदाराने शब्द पाळला.

या काळात जग बदललं. मधे उघड्या टपाचीही एलसी आली. २०२४ च्या मॉडेलला अखेर टचस्क्रीन दिला आणि तो टचपॅड गेला. माझ्या गाडीत तो अजून आहे, आणि मला आता तो इतका सरावाचा झालाय की मुलीच्या गाडीत पडद्याला बोट लावायचं मला सुचत नाही. ज्या कोजी सातो यांनी या गाडीचे मुख्य अभियंता म्हणून काम केलं, ते गेल्या वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, टोयोटाचे अध्यक्ष झाले. हे मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "तुझ्या हप्त्यांवरच झाले असतील."

माझ्या गल्लीत आता निम्म्या गाड्या विजेवरच्या. सिग्नलला शेजारची फॅमिली सेडान मला सहज मागे टाकते, आत मागच्या सीटवर मूल कार्टून बघत असतं. २०१७ साली लोक विचारायचे, "किती पळते?" आता कुणी विचारत नाही. आता पोरं थांबून म्हणतात, "काका, एकदा चालू करून दाखवा ना." मी दाखवतो. थंड इंजिन पहिल्यांदा खाकरतं तेव्हा सगळी हसतात. त्यांच्यासाठी ते वाफेच्या इंजिनासारखं झालंय.

गेल्या आठवड्यात सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं (बीएमएमचं) अधिवेशन झालं. तिथे पार्किंगमध्ये एक गृहस्थ गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाले, "मागं पोतं मावत न्हाई म्हनं यात." मी ओळखलं. पुढचं त्यांनीच लिहावं.

उसाचारस
सोम, ८ जुलै २०२४

मीच तो. लेकीकडं आलो हुतो, तिनं अधिवेशनाला नेलं. मला कधी वाटलं नव्हतं की ह्या धाग्यावरचं जनावर माझ्या म्होरं उभं राहील.

रविवारी सकाळी पाहुण्यांनी डोंगरावर नेलं. पुढं बसलो. बसताना "आई गं" म्हटलं, उतरताना दोनदा म्हटलं, गाडी लई बसकी. पहिली दहा मिनिटं मी गप. आमच्या मळ्यावर माझ्या वडलांनी घेतलेलं एक डिझेल इंजिन हुतं, पाणी उपसायचं. पहाटे ते लागलं की घरात बसून कळायचं, आज बरोबर चाललंय का न्हाई. नंतर वीज आली, मोटर बसली, बटण दाबलं की पाणी. सोय झाली. पण त्यानंतर पहाटे मळ्यातनं काई ऐकू आलं न्हाई. झाडीतनं गाडी वर चढताना पाहुण्यांनी पट्टी ओढली, आवाज त्या झाडांवर आपटून परत आला, आणि मला बाबा दिसलं. बस, एवढंच.

वर एका हॉटेलात चहा घेतला. पाण्यासारखा. तिथं सगळे मोटरसायकलवाले, दाढ्या बिढ्या. त्यातला एक येऊन गाडीला हात लावून पाहुण्यांना काय तरी म्हणाला आणि अंगठा दाखवून गेला. पाहुणे लाजले.

येताना मला चालवणार का म्हणाले. न्हाई म्हटलं, इकडं सगळं उलट्या बाजूनं. पण पार्किंगमधनं चार हात पुढं घेतली. गुळगुळीत हाय.

डिकी मात्र मोजून बघितली. लेकीसाठी आणलेल्या गुळाच्या ढेपा, पाच किलोच्या, शेजारी शेजारी तीन बसल्या. चौथी मांडीवर घ्यावी लागली.

सांजवेळ
सोम, ८ जुलै २०२४

काका, सिअॅटलला कधी येताय? माझ्यात दोनच ढेपा बसतील, बॅटरी आहे. सासूबाई इथेच आहेत, पण त्या पुढची सीट सोडणार नाहीत.